जव्हारचं राज्य राहिलं असतं तर?

परवा बोईसरच्या एका ग्रुपवर कोणीतरी एआयने बनवलेला व्हिडिओ टाकला. चीनचा बादशहा 1912 साली पायउतार झालाच नाही, राजघराणं टिकलं, आणि आता पिवळ्या झग्यातला बादशहा बुलेट ट्रेनला हिरवा झेंडा दाखवतोय. करमणूक म्हणून ठीक. पण खाली एका काकांनी लिहिलं, "चीन कशाला? आपला जव्हारचा राजा असता तर आज ही वेळ आली नसती." त्याला भराभर लाइक पडले.

पहिली गंमत म्हणजे लाइक करणारे बरेचसे बोईसर, पालघर, तारापूरचे. 1947 साली ही गावं जव्हार संस्थानात नव्हतीच, ती ब्रिटिशांच्या ठाणे जिल्ह्यात होती. जुन्या काळी जव्हारचा मुलूख बराच मोठा होता, पण पेशवाईत त्यातला पुष्कळसा गेला. उरलं ते डोंगरातलं सुमारे 310 चौरस मैलांचं राज्य. असो.

पण काकांचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. कारण जव्हार, मोखाड्याकडे फिरताना हेच वाक्य मी वीस वर्षं ऐकतोय. कधी चहाच्या टपरीवर, कधी एसटीत.

मुकणे घराणं महादेव कोळी. म्हणजे आदिवासी राजघराणं, आणि तेही सहाशे वर्षांचं. महाराष्ट्रात अशी दुसरी गोष्ट शोधून दाखवा. मूळपुरुष जयबा. बैलाच्या कातड्यात मावेल एवढी जागा त्यांनी मागितली आणि कातड्याच्या बारीक वाद्या कापून डोंगरच्या डोंगर वेढला, ही कथा इकडे पोरासोरांना पाठ आहे. 1343 साली त्यांच्या मुलाला दिल्लीच्या सुलतानाकडून 'शाह' किताब मिळाला. 1664 मध्ये शिवाजी महाराज सुरतेला जाताना शिरपामाळावर थांबले, तिथे राजा विक्रमशाहने त्यांचं स्वागत केलं असं सांगतात. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात होते, पुढे लोकसभेवर निवडून गेले. 1948 ला संस्थान विलीन झालं आणि एका राजधानीचं तालुक्याचं गाव झालं. दाखल्याला, दाद मागायला चालत जाता येत होतं तिथून कारभार उठला आणि ठाण्याला गेला. मोखाड्याच्या माणसाला ठाणे म्हणजे काय ते त्यालाच विचारा.

म्हणजे खंत खरी आहे. उपाय मात्र चुकीचा सांगितला जातोय, असं माझं मत.

समजा, राज्य राहिलं असतं. कसं राहिलं असतं? जुन्या थाटात फारच थोडी राज्यं राहिली. चीनच्या दरबारानेसुद्धा 1908 मध्ये नऊ वर्षांत संसद देतो म्हणून जाहीर केलं होतं. लोक थांबले नाहीत. 1911 ला क्रांती झाली आणि फेब्रुवारी 1912 मध्ये सहा वर्षांच्या पुयीच्या नावाने गादी सोडल्याचा कागद निघाला. जे राजे टिकले त्यातले बहुतेक अधिकार सोडून टिकले. जपानचा सम्राट आहे, पण कुठल्या गावात पाण्याची टाकी बांधायची ते तो ठरवत नाही. भूतानमध्ये राजघराण्याने स्वतःच पुढाकार घेऊन निवडणूक आणली, 2008 मध्ये राज्यघटना दिली.

आपल्याकडेही हे झालंय, लांब जायला नको. साताऱ्याकडच्या औंधच्या पंतप्रतिनिधींनी 1939 मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने कारभार लोकांच्या हाती दिला, गावपंचायतींना अधिकार दिले. राजाने राजेपण राखून सत्ता सोडल्याचं हे आपलं मराठी उदाहरण. शाळेच्या पुस्तकात दोन ओळींपेक्षा जास्त मिळायला हवं होतं त्याला.

तेव्हा टिकलेला जव्हारचा राजा म्हणजे दसऱ्याच्या दरबाराला पागोटं घालून बसणारा, दवाखान्याची फीत कापणारा. आणि दवाखान्यात डॉक्टर पाठवणार कोण? मंत्रालयच. आजही जव्हारच्या सरकारी रुग्णालयाला पतंगशाह राजांचं नाव आहे. नाव राजाचं, कारभार सरकारचा, आणि पेशंट गंभीर झाला की गाडी नाशिकच्या रस्त्याला. गादी राहिली असती तर यात काय बदललं असतं ते मला कोणी सांगा.

उलट एक नुकसान झालं असतं. 1992 ला जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने शंभरावर बालकं गेली. पेपरांनी लिहिलं, देशभर गाजलं, सरकारला तोंड दाखवायला डोंगर चढून यावं लागलं. त्यानंतर जव्हारला अपर जिल्हाधिकाऱ्यांचं ऑफिस आलं. पुरेसं होतं का? नाही. पण धरायला कोणाची तरी कॉलर होती. मध्ये राजा असता तर सरकार म्हणालं असतं राजाचा मुलूख, राजा म्हणाला असता सरकारचा विषय. आणि लिहिलं असतं कोणी? थायलंडमध्ये राजा आहे, संसद आहे, आणि कलम 112 पण आहे. राजघराण्याबद्दल वाकडं लिहिलं तर एका गुन्ह्याला 3 ते 15 वर्षं. मी ही पोस्ट टाकण्याआधी दोनदा विचार केला असता, आणि बहुतेक टाकलीच नसती.

आणखी एक. 1945 मध्ये तलासरी-डहाणूकडे वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. गोदावरी परुळेकर आल्या, सभा झाल्या, तलवाड्याला गोळीबार होऊन माणसं मेली. पण वेठ सुटली. ती कुठल्या राजाने सोडवली नाही, आमच्या आजा-पणज्यांच्या पिढीने एकत्र उभं राहून सोडवली. 'राजा असता तर' म्हणणाऱ्या पोरांना हा उठाव माहीत नसतो, याचं मला जास्त वाईट वाटतं.

आता मुद्द्याचं. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा झाला तेव्हा मुख्यालय जव्हारला हवं अशी मागणी होती. ते आलं पालघरला, रेल्वेजवळ. कोळगावला चकाचक इमारती उभ्या राहिल्या. आम्हा खालच्या लोकांना सोयीचं झालं, खोटं कशाला बोलू. जव्हारच्या माणसाला मात्र विक्रमगड, मनोर करत सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर यावं लागतं, आणि साहेब मीटिंगला गेले असतील तर तसंच परत. एक दिवसाची मजुरी बुडाली, वर तिकिटाचे पैसे.

राजा नको, पण राजधानी थोडी तरी परत द्या. जिल्हाधिकारी, झेडपीचे सीईओ, आरोग्य अधिकारी यांनी आठवड्यातले दोन दिवस जव्हारला बसावं. वार ठरलेला असावा, पाटीवर लिहिलेला असावा, आणि त्या वारी पालघरला मीटिंग लावू नये. जव्हारच्या अपर जिल्हाधिकाऱ्यांना सहीचे पूर्ण अधिकार असावेत, नुसतं कागद पुढे ढकलण्याचं काम नको. याला ना नवी इमारत लागते ना नवा कायदा. पालकमंत्र्यांनी मनावर घेतलं तर महिन्याभरात होईल. आमच्याकडचे आमदार-खासदार ही पोस्ट वाचतात हे मला माहीत आहे, लाइक करत नाहीत एवढंच.

दसऱ्याला मी जव्हारला जाणार आहे. ज्यांच्या घरात संस्थानच्या काळातले दाखले, साऱ्याच्या पावत्या, राजाला केलेले अर्ज पडून असतील त्यांनी मेसेज करा. अर्ज दिल्यापासून किती दिवसांत निकाल लागायचा, ते मला कागदावर बघायचंय. फोटो काढून कागद तिथल्या तिथे परत देईन.