करवतीची जागा भिंतीवर नव्हे

इंग्लंडमध्ये आणि अमेरिकेत सुतारकामाच्या जुन्या हत्यारांचे लिलाव होत असतात. एखादा वृद्ध सुतार जग सोडून जातो. मुलांपैकी कुणीही तो व्यवसाय पत्करलेला नसतो. आणि आयुष्यभराची हत्यारांची पेटी लिलावाच्या मेजावर येते. रंध्यांना आणि पटाशांना गिऱ्हाईक लवकर मिळते. हातकरवती मात्र पुष्कळदा जुडी बांधून विकल्या जातात. त्या विकत घेऊन दुरुस्त करणाऱ्यांचा एक हौशी वर्ग तिकडे आहे. त्यांच्या आवडीविषयी मला आदर आहे. परंतु त्यांच्यापैकी अनेकांनी जोपासलेला एक गैरसमज मात्र मला घातक वाटतो. जुनी करवत वाचवणे म्हणजे तिला चकचकीत करणे, हा तो गैरसमज होय.

ही करवत मुळात काय वस्तू आहे, हे आधी पाहावे. १७४० च्या सुमारास इंग्लंडमधील शेफील्ड येथे बेंजामिन हंट्समन याने मुशीत वितळवून एकजीव पोलाद बनवण्याची रीत बसवली. पुढे चांगल्या करवतीचे पाते ह्याच पोलादाचे होऊ लागले. ट्यूक्सबरी येथे १८१९ साली जन्मलेला हेन्री डिस्टन १८३३ साली अमेरिकेस गेला, १८४० साली त्याने फिलाडेल्फियात कारखाना काढला, आणि १८५५ पासून तो स्वतःचे पोलाद स्वतःच करू लागला. ह्या कारखान्यांतील चांगल्या पात्यावर हातोडीचे ठोके देऊन त्याला ताण दिलेला असे. पाते दातांकडे जाड आणि पाठीकडे पातळ घासलेले असे, म्हणजे लाकडात ते अडकू नये. एवढे कष्ट कशासाठी? पाहण्यासाठी नव्हे, कापण्यासाठी!

आणि आज तिचे काय होते? लिलावातून घरी आणल्यावर कुणी तिला विजेच्या यंत्रावर तारेचे चाक लावून घासतो. गंज जातो खरा, पण त्याबरोबर पात्यावर कोरलेले कारखान्याचे नावही जाते. मूठ काचकागदाने घासली जाते आणि तिच्यावर वॉर्निशचा जाड थर बसतो. पूर्वीचे सुतार आपले नाव मुठीच्या लाकडात ठोकून उठवीत. एकेका मुठीवर दोन-तीन पिढ्यांच्या धन्यांची नावे आढळतात. ती पुसून टाकण्याचा अधिकार ह्यांना कुणी दिला? कुणी तर पात्यावर डोंगर, झोपडी आणि नदीचे चित्र रंगवून ते दिवाणखान्यात टांगतो. दात मात्र बोथटच राहतात. अशा करवतीला वाचवली असे म्हणणे म्हणजे प्रेताला नवे कपडे घालून त्याला बरा झाला म्हणण्यासारखे आहे.

करवतीचा जीव दातांत असतो. बोथट करवतीच्या दातांच्या टोकांवरून प्रथम सपाट कानस फिरवून सगळे दात एका उंचीला आणावे लागतात. मग तिकोनी कानशीने प्रत्येक खाच घासून दात सारखे करायचे. त्यानंतर एक दात डावीकडे, पुढचा उजवीकडे, असे ते किंचित फाकवायचे. तेही दाताच्या वरच्या अर्ध्या भागातच, नाहीतर दात मुळातून तुटतो. शेवटी पुन्हा कानस लावून धार द्यायची. लाकूड उभे चिरायचे असेल तर दात छोट्या पटाशीसारखे सरळ, आडवे कापायचे असेल तर सुरीच्या टोकासारखे तिरपे. हे काम सुरुवातीला एक अख्खी संध्याकाळ खाते. पण ते ज्याला आले, त्याने करवत दुरुस्त केली. ज्याला आले नाही, त्याने केवळ शोभेची वस्तू आणली.

यावर कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? बाजारात स्वस्त करवत मिळते. विजेच्या उष्णतेने दात कडक केलेली ही करवत पुष्कळ दिवस धार राखते, आणि गोंदाने भरलेल्या प्लायवूडवर तर ती जुनीपेक्षा सरस चालते. हे मला मान्य आहे. परंतु तिच्या दातांवर कानस चालत नाही, कारण ते कानशीइतकेच कडक असतात. बोथट झाली की फेकायची आणि दुसरी आणायची. येथे केवळ पैशाचा प्रश्न नाही. आपले हत्यार आपल्या हाताने पुन्हा कामाजोगे करण्याची कारागिराची सत्ता ह्या व्यवस्थेने काढून घेतली. कचऱ्यात फेकणारा आणि भिंतीवर टांगणारा परस्परांचे विरोधक वाटतात. वास्तविक दोघांनीही कानस खाली ठेवलेली आहे.

म्हणून लिलावात जाणाऱ्याने चकाकी पाहू नये. पाते डोळ्यांसमोर धरून त्याची धार सरळ आहे की नाही, ते पाहावे. दातांच्या ओळीत गंजाने खोल खड्डे पडले असतील तर ती सोडून द्यावी, कारण तेथले दात टिकत नाहीत. मुठीचे टोक तुटलेले असेल तर बिघडत नाही. लाकडाचा तुकडा चिकटवून ते भरून काढता येते. गंज हाताने, सपाट ठोकळ्यावर बारीक काचकागद धरून काढावा आणि नावापाशी हात आवरावा. मुठीला जवसाचे तेल पुरे.

हा परमुलखातील वाद आपल्याला कशाला, असे वाचक विचारतील. आपल्याकडेही घरच्या कामाला आलेला सुतार अंगणात बसून कानशीने करवतीला धार लावी, आणि तो कर्कश आवाज ऐकून आपण पोरे कानांत बोटे घालीत असू. आज त्याच्या पेटीतील करवती माळ्यावर पडून आहेत, नाहीतर भंगारवाल्याच्या काट्यावर किलोच्या भावाने जात आहेत. आपल्या घरात अशी एखादी असेल, तर कृपा करून ती विकू नका आणि टांगूही नका. धार लावू जाणणारा एखादा म्हातारा हात गावात अजून असेल. मुलाला त्याच्यापाशी बसवा, आणि त्याच्या हाती कानस द्या. करवत पुन्हा मिळेल. तो हात गेला तर लिलावात मिळणार नाही.