‘श्यामची आई’ कुणाकडे आहे?



आज तुम्हाला माझीच एक चूक सांगणार आहे. बाईंच्या चुका ऐकायला तुम्हाला आवडतंच, हो ना? मग नीट ऐका. शेवटी तुमच्यासाठी कामही आहे बरं का!

माझ्या घरी एक लोखंडी कपाट आहे. त्यात माझी दोनशेच्या वर पुस्तकं आहेत. दर शनिवारी त्यातली पंधरा-वीस पिशवीत घालून मी शाळेत नेते आणि वर्गातली मुलं ती वाचायला घरी नेतात. आधी सगळी नोंद एका वहीत असायची. मग ठरवलं, यादी ऑनलाइन करू या. म्हणजे मुलांना आणि त्यांच्या आईबाबांना घरच्या मोबाइलवर ती बघता येईल. एक तक्ता केला. त्यात चार रकाने: लेखक, पुस्तकाचं नाव, प्रकार आणि ‘कुणाकडे आहे’. रोज रात्री थोडी थोडी पुस्तकं भरत गेले. काही पुस्तकावरचं नाव बघून, तर काही जुन्या वहीतून उतरवून. भरून झाल्यावर लेखकांच्या नावाने यादीचा क्रम लावला. वाटलं, झालं काम!

मग एका शनिवारी वर्गात यादी उघडली. ‘श्यामची आई’पुढे एका मुलीचं नाव दिसलं. मी सगळ्यांसमोर विचारलं, “अगं, पुस्तक कधी आणणार?”

ती म्हणाली, “बाई, मी मागच्या शनिवारीच दिलंय.”

“मग इथे तुझं नाव कसं?” मी मोबाइल पुढे केला. ती काहीच बोलली नाही. खाली मान घालून बसली. डोळे भरून आले होते तिचे.

त्या रात्री दुसरंच एक पुस्तक शोधायचं होतं, म्हणून मी यादीचा क्रम लेखकाऐवजी पुस्तकाच्या नावाने लावला. आणि बघते तर काय! ‘श्यामची आई’ दोनदा, एकाखाली एक! एकीचे लेखक ‘साने गुरुजी’, दुसरीचे ‘पांडुरंग सदाशिव साने’. कपाट उघडलं. तिथे एकच प्रत होती, नीट जागेवर ठेवलेली.

घोळ लक्षात आला का? माणूस एकच, पुस्तकही एकच, पण यादीत एक ओळ ‘प’मध्ये आणि दुसरी ‘स’मध्ये, कितीतरी ओळी दूर. पुस्तक दिलं तेव्हा वर्गात मी एका ओळीत तिचं नाव लिहिलं. रात्री कागदावरच्या नोंदी उतरवताना पुन्हा लिहिलं, ते दुसऱ्या ओळीत. पुस्तक परत आल्यावर खोडलं मात्र एकाच ठिकाणी. कपाट उघडून बघायचं मला सुचलंच नाही. यादीवर माझा केवढा विश्वास!

सोमवारी मी तिची माफी मागितली. विचारलं होतं वर्गासमोर, म्हणून माफीही वर्गासमोरच. ती क्षणभर गप्प राहिली आणि मग म्हणाली, “बाई, मग या शनिवारी दोन पुस्तकं नेऊ?”

त्यानंतर आम्ही सगळ्यांनी मिळून यादी सुधारायला घेतली. त्यात फार गमती कळल्या.

पहिली गंमत नावांची. यादी अकारविल्हे लावायची म्हणजे मोबाइल फक्त अक्षरं बघतो. ‘पु. ल. देशपांडे’ आणि ‘देशपांडे, पु. ल.’ हे त्याच्या लेखी दोन वेगळे लेखक! म्हणून नियम केला, आडनाव आधी. टोपणनाव प्रसिद्ध असेल तर तेच ठेवायचं. म्हणजे ‘कुसुमाग्रज’ लिहिलं की सगळीकडे ‘कुसुमाग्रज’च. मध्येच ‘शिरवाडकर’ नको.

दुसरी गंमत आकड्यांची. एका मासिकाचे बारा अंक माझ्याकडे आहेत. क्रम लावल्यावर ते आले असे: अंक १, अंक १०, अंक ११, अंक १२, अंक २! कारण ‘अंक १०’ हे मोबाइलला अक्षरांसारखंच वाटतं. ‘१०’मधला पहिला ‘१’ हा ‘२’च्या आधी, म्हणून दहावा अंक दुसऱ्याच्या आधी. उपाय सोपा. ०१, ०२, ०३ असं लिहिलं की सगळे शहाण्यासारखे रांगेत उभे राहतात.

तिसरी गंमत ‘ज्ञ’ची. तुम्ही मुळाक्षरं म्हणता तेव्हा ‘ज्ञ’ सगळ्यात शेवटी. आमच्या यादीत मात्र ज्ञानेश्वरांचं चरित्र ‘ज’मध्ये जाऊन बसलं होतं. ‘ज्ञ’ म्हणजे ज आणि ञ यांचं जोडाक्षर, म्हणून. ही चूक नव्हे. शोधायचं कुठे, ते माहीत असलं की झालं!

मग एक गोष्ट मला उशिरा सुचली. यादी सगळे पालक बघतात. मग पुस्तक कुणाकडे राहिलंय, हे सगळ्या गावाला कशाला दाखवायचं? आता तिथे फक्त ‘कपाटात’ किंवा ‘बाहेर’ एवढंच दिसतं. नावं माझ्या वहीत. आणि मोबाइलचा पडदा अरुंद, म्हणून हा रकाना आम्ही पुस्तकाच्या नावाशेजारीच आणला.

शेवटी एक नवा रकाना जोडला: ‘शेवटी कधी नेलं’. त्या तारखांप्रमाणे क्रम लावला, तर तारीख नसलेली पुस्तकं सगळी तळाशी गोळा झाली. कुणी एकदाही न नेलेली! पुढच्या शनिवारी पिशवीत आधी तीच भरली.

डॉ. रंगनाथन हे मुळात गणिताचे शिक्षक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम पुस्तकरूपाने मांडले. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा आणि वाचकाचा वेळ वाचावा, हे त्यांतले दोन. त्यांच्या आठवणीसाठी १२ ऑगस्टला आपल्याकडे ग्रंथपाल दिन साजरा होतो. बिघडलेली यादी नीट करताना मला हे दोन्ही नियम खऱ्या अर्थाने कळले.

आता तुमचं काम. घरातली वीस पुस्तकं घ्या आणि यादी करा, मोबाइलवर किंवा वहीत. एकदा लेखकाच्या नावाने लावा, एकदा पुस्तकाच्या नावाने. काय काय सापडतं बघा. आईबाबांनाही सोबत घ्या.

आणि हो, पुस्तक सापडलं नाही तर आधी यादी तपासा, मग कपाट बघा. माणसाला सगळ्यात शेवटी विचारा, तेही हळूच.

तुमच्या,
बाई