दुधाची परीक्षा दुधापाशीच हवी

दूध नासण्याचा वेग आणि सरकारी अहवाल येण्याचा वेग यांत मेळ नाही, ही गोष्ट वऱ्हाडात कोणाला नव्याने सांगावी लागणार नाही. वैशाखात मूर्तिजापूरच्या परिसरात पारा ४४-४५ अंशांवर जातो. पहाटे खेड्यात काढलेले दूध दिवस वर येईपर्यंत शहरात पोचले नाही, किंवा पोचूनही थंड झाले नाही, तर त्यातील जंतूंची संख्या दर अर्ध्या तासाला दुप्पट होऊ लागते. अशा वेळी गवळ्यापुढे दोनच मार्ग उरतात. नुकसान सोसावे, नाहीतर दूध टिकवण्यासाठी त्यात काहीतरी घालावे. हे ‘काहीतरी’ पुष्कळदा हायड्रोजन पेरॉक्साइड असते.

हे द्रव्य कोणाला अपरिचित नाही. १८१८ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ थेनार याने ते शोधून काढले. दवाखान्यात जखम धुताना फेस आणणारे औषध ते हेच, आणि कापड शुभ्र करण्याच्या कारखान्यांतही तेच वापरतात. ते स्वस्त असते, सहज मिळते आणि जंतूंचा नाश करते. मग दुधात थोडे पडले तर बिघडले कुठे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, पेरॉक्साइड दूध स्वच्छ करीत नाही, केवळ अस्वच्छता झाकते. भांडे घाणेरडे होते, हात धुतले नव्हते, दूध शिळे होते, हे सांगणारी खूण म्हणजे दुधाचे नासणे. ती खूणच पेरॉक्साइड पुसून टाकते. जंतू मेले तरी त्यांनी आधीच सोडलेली विषे दुधात राहू शकतात. शिवाय मात्रा अधिक झाल्यास लहान मुलांच्या आतड्यांना ते बाधते. म्हणूनच भारतीय मानकांनुसार दुधात ते घालण्यास मुभा नाही.

परंतु खरी अडचण पुढेच आहे. हा दोष स्वतःचा पुरावा स्वतःच नष्ट करतो. कच्च्या दुधात काही एन्झाइमे निसर्गतःच असतात. ती पेरॉक्साइडचे पाणी आणि प्राणवायू यांत विघटन करीत राहतात. मात्रा किती आणि उष्णता किती यावर वेग अवलंबून असला, तरी दुधातील पेरॉक्साइड तासागणिक घटत जाते. आता कायद्याकडे पाहावे. २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्यानुसार अन्न विश्लेषकाने नमुना मिळाल्यापासून १४ दिवसांत अहवाल द्यावयाचा असतो. त्याच कायद्याच्या ४० व्या कलमाने सामान्य ग्राहकालाही शुल्क भरून नमुना तपासून घेण्याचा अधिकार दिला आहे, आणि दोष सिद्ध झाल्यास शुल्क परत मिळण्याचीही तरतूद आहे. हा अधिकार मोलाचा आहे यात शंका नाही. युरिया किंवा स्टार्च यांच्या बाबतीत तो उपयोगीही पडेल. परंतु जो पदार्थ वाटेतच विरून जाऊ शकतो, त्याच्या बाबतीत चौदाव्या दिवशीचा ‘निर्दोष’ हा शेरा कितपत विश्वासार्ह मानावयाचा?

या प्रश्नाची दुसरी बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. २०१८ मध्ये भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने देशभर दुधाची पाहणी केली. ६,४३२ नमुन्यांपैकी भेसळीमुळे असुरक्षित ठरले ते अवघे १२. तेव्हा सगळे दूध विषारी झाले आहे, ही नित्याची आरोळी निराधार आहे. प्रत्येक गवळ्याकडे चोर म्हणून पाहणे हा त्याच्यावर अन्यायच होय. तथापि त्या १२ पैकी ६ नमुन्यांत हायड्रोजन पेरॉक्साइड आढळले, हेही दृष्टीआड करता येत नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. ही पाहणी ५० हजारांहून अधिक लोकवस्तीच्या १,१०३ शहरांपुरती होती. मूर्तिजापूरची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे ४० हजार होती. म्हणजे अशा पाहणीच्या चाळणीतून हे गाव आणि त्याच्यासारखी असंख्य तालुक्याची गावे अलगद निसटतात. महानगरातील दुधाविषयी आकडे बोलतात, तालुक्यातील दुधाविषयी केवळ अफवा बोलतात. या अफवांनी ग्राहकाचे रक्षण होत नाही, आणि प्रामाणिक गवळ्याचेही होत नाही.

यावर विज्ञानाकडे काही उपाय आहे काय? आहे, आणि त्याचा एक धाकटा भाऊ आज मूर्तिजापूरच्या कित्येक घरांत कपाटात ठेवलेला आहे. रक्तातील साखर मोजणारे ते लहानसे यंत्र. १९६२ मध्ये अमेरिकेतील लेलँड क्लार्क यांनी एन्झाइम आणि इलेक्ट्रोड यांची सांगड घालण्याची कल्पना मांडली. साखरेवर विशिष्ट एन्झाइमची क्रिया झाली की हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. ते विजेच्या प्रवाहाने मोजून साखरेचे प्रमाण सांगणारे यंत्र १९७५ मध्ये ओहायो राज्यातील यलो स्प्रिंग्ज येथून विक्रीस आले. म्हणजे जैवसंवेदक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या विद्येच्या आरंभापासूनच पेरॉक्साइड मोजण्याचे तंत्र तिच्यात गुंफलेले आहे.

अलीकडे या तंत्राला नवी जोड मिळाली आहे ती प्रथिनांच्या अतिसूक्ष्म कणांची. रोहतकच्या महर्षी दयानंद विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये हिमोग्लोबिनचे असे कण तयार करून सोन्याच्या इलेक्ट्रोडवर बसवले व त्यांच्या साहाय्याने पेरॉक्साइड मोजून दाखवले. यामागील तत्त्व सोपे आहे. हिमोग्लोबिनच्या गाभ्यात लोह असते. पेरॉक्साइड त्याच्या संपर्कात आले की त्याचे पाणी होते. या क्रियेला लागणारे इलेक्ट्रॉन इलेक्ट्रोड पुरवतो. पेरॉक्साइड जितके अधिक, तितका प्रवाह अधिक. हा प्रवाह मोजला की प्रमाण कळले. प्रथिनांचे कण मीटरच्या अब्जांशांत मोजावे इतके बारीक केल्याने थोड्याशा जागेत त्यांचा मोठा पृष्ठभाग कामाला लागतो. अशा यंत्राचा लाभ असा की, ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढ्यावर न थांबता ते किती आहे हेही सांगते, आणि तेही नमुना ताजा असताना.

अर्थात प्रयोगशाळेतील यश म्हणजे बाजारातील यश नव्हे. दूध हा साधा द्रव नाही. त्यातील स्निग्धांश व प्रथिने इलेक्ट्रोडवर साचतात, इतर द्रव्ये वाचनात ढवळाढवळ करतात. प्रथिन हे नाजूक द्रव्य असल्याने उष्णतेने व काळाने त्याची शक्ती क्षीण होते. थंड खोलीत नीट चालणारा संवेदक वऱ्हाडातील मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली किती दिवस टिकेल, हे वऱ्हाडातच तपासले पाहिजे. हे काम कोणी करावयाचे? येथून पस्तीस-चाळीस किलोमीटरवर अकोल्यात १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे, पशुवैद्यक शिक्षणाची संस्थाही आहे. स्वस्त पट्टी, साधे यंत्र आणि ४५ अंशांतील कसोटी, एवढी तीन उद्दिष्टे पुढे ठेवून एखादा छोटा प्रकल्प हाती घेतला, तर ते संशोधन प्रबंधाच्या कपाटात न राहता संकलन केंद्राच्या टेबलावर येईल. अशा प्रकल्पासाठी शासनाने पैसा खर्च केला, तर तो वाया गेला असे कोणी म्हणणार नाही.

परंतु यंत्र येईपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. पोटॅशियम आयोडाइड आणि स्टार्च ही दोन्ही द्रव्ये शाळेच्या प्रयोगशाळेतील नेहमीचीच. त्यांच्या द्रावणाचे थेंब पेरॉक्साइड मिसळलेल्या दुधात पडले की निळा रंग येतो. मूर्तिजापूरची महाविद्यालये व माध्यमिक शाळा यांनी आठवड्यातून एक सकाळ या कामी दिली, तर विद्यार्थ्यांना रसायनशास्त्र कळेल आणि गावाला आपल्या दुधाची स्थिती कळेल. मात्र येथे दोन पथ्ये पाळली पाहिजेत. भांडी धुताना वापरलेल्या क्लोरीनमुळेही निळा रंग येऊ शकतो. म्हणून असा रंग हा संशय समजावा, निकाल नव्हे. आणि संशयावरून कोणा गवळ्याचे नाव चौकात घेऊ नये. त्याला बोलावून सांगावे, पुन्हा तपासावे, आणि दोष वारंवार दिसला तरच अन्न व औषध प्रशासनाला कळवावे. प्रशासनानेही जागेवरील चाचणीची नोंद ग्राह्य धरण्याची रीत घालून दिली पाहिजे. शिक्षा अशा नोंदीवर होऊ नये, पण तातडीने नमुना घेण्यास ती पुरेशी मानावी.

खेडोपाडी दूध थंड करण्याची सोय झाली, तर पेरॉक्साइडचा मोहच राहणार नाही, असा युक्तिवाद केला जातो, आणि तो खरा आहे. मूळ उपाय स्वच्छ भांडे आणि थंडावा हाच. परंतु शीतकरणाची सोय कोठे हवी, कोठे अपुरी पडते, हे तरी कशावरून ठरवावयाचे? ज्या मार्गावरील दुधात पेरॉक्साइड वारंवार आढळते, तेथे थंडाव्याची उणीव आहे असे समजण्यास हरकत नाही. त्या दृष्टीने परीक्षा हे गवळ्याविरुद्धचे हत्यार नसून त्याच्या मागणीला आधार देणारे साधनही ठरू शकते.

याच तालुक्यातील दापुरे गावी मामाच्या घरी गुरे राखून वाढलेल्या डेबूजीने पुढे गाडगे महाराज म्हणून महाराष्ट्राला स्वच्छतेचा धडा दिला. मूर्तिजापुरात त्यांनी १९२५ मध्ये गोरक्षणाचे काम केले व धर्मशाळा उभारली. गावात आले की आधी हाती झाडू घ्यावयाचा आणि मग कीर्तनाला उभे राहावयाचे, हा त्यांचा परिपाठ होता. दुसऱ्या कोणी येऊन गाव झाडावे याची त्यांनी वाट पाहिली नाही. मूर्तिजापूरने आपल्या दुधाच्या परीक्षेसाठी दूरच्या प्रयोगशाळेची वाट पाहत बसू नये. यंत्र अकोल्यात घडो वा रोहतकात, परीक्षेची सवय मात्र गावातच लागली पाहिजे.