प्रत्ययांची जात कोण विचारतो?

इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकात प्रत्ययांची एक यादी असते. नेस, मेंट, फुल, लेस, एबल. मुलं ती पाठ करतात, रिकाम्या जागा भरतात आणि परीक्षा झाली की विसरून जातात. हे प्रत्यय कुठून आले, कसे आले, हे कोणी सांगत नाही. माझ्या मते सांगण्यासारखं तेवढंच आहे.

१०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं. दरबाराची, कायद्याची भाषा फ्रेंच झाली आणि पुढच्या तीनशे वर्षांत हजारो फ्रेंच शब्द इंग्रजीत शिरले. प्रत्यय मात्र सुटा कधीच येत नाही, तो शब्दाच्या पाठीवर बसून येतो. 'अ‍ॅग्रीएबल'सारखे शब्द ऐकून ऐकून लोकांच्या कानाला 'एबल' म्हणजे काय ते कळलं. मग त्यांनी तो आपल्या घरच्या धातूंनाही जोडला. ईटेबल, ड्रिंकेबल, रीडेबल. ईट, ड्रिंक, रीड हे अस्सल इंग्रजी, शेपूट फ्रेंच. आज 'डाउनलोडेबल' म्हणताना कोणाला नॉर्मन स्वारी आठवते?

उलटंही झालं. 'ब्यूटी' फ्रेंच, 'फुल' इंग्रजी, दोन्ही मिळून ब्यूटिफुल. 'अनफेथफुलनेस' हा शब्द उकलून पाहा. मधला 'फेथ' तेवढा फ्रेंचातून आलेला, बाकी अन, फुल, नेस हे तिन्ही घरचे. पाहुण्याला मध्ये बसवून घरच्यांनी भोवती फेर धरावा तसा.

एकोणिसाव्या शतकात विल्यम बार्न्स नावाचे डॉर्सेटचे कवी होते. विद्वान आणि कळकळीचा माणूस. इंग्रजीतून लॅटिन-फ्रेंच हद्दपार करावं, असा त्यांचा आग्रह. ग्रामरला त्यांनी 'स्पीचक्राफ्ट' म्हटलं आणि १८७८ साली त्या नावाचं पुस्तकही काढलं. फोटोग्राफला शब्द सुचवला 'सन-प्रिंट'. गंमत अशी की त्यातला 'प्रिंट' हाही मूळचा फ्रेंच! इतका मुरलेला की शुद्धी करणाऱ्यालाही घरचा वाटावा.

एक उदाहरण तर आपल्या दाराशी येतं. अरबीत 'अल-कुहल' म्हणजे सुरमा, बारीक कुटलेली पूड. रसायनशास्त्राच्या वाटेनं तो लॅटिनमध्ये गेला, अर्थ पालटत पालटत 'अल्कोहोल' झाला. इंग्रजांनी 'अल्कोहोलिक' बनवला आणि नंतर तो भलत्याच ठिकाणी तोडून 'होलिक' हे शेपूट वेगळं काढलं. १९७१ साली वेन ओट्स यांच्या पुस्तकानं 'वर्कहोलिक' घरोघरी नेला, मागोमाग 'शॉपहोलिक' आला. ईदच्या दिवशी डोळ्यांत घालायच्या सुरम्याचा तुकडा असा अमेरिकेतल्या कामसू माणसाला चिकटला आहे. वॉटरगेट ही तर वॉशिंग्टनमधली इमारत, पण १९७२ नंतर कोणत्याही भानगडीला 'गेट' लागू लागलं.

हे सगळं लिहायचं कारण मराठी आहे. "तुम्ही मुसलमान असून मराठी किती छान बोलता!" हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलो. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण मराठी ही एकाच कुळाची मालमत्ता आहे, बाकीचे तिच्याकडे पाहुणे म्हणून येतात, ही समजूत त्या कौतुकातच दडलेली असते. या माणसांना मी प्रत्यय दाखवतो. 'लाच' आपली, 'खोर' फारसी, मूळ अर्थ खाणारा. 'धार' संस्कृत, 'दार' फारसी. 'हत्तीखाना'तला हत्ती इथला, खाना इराणचा. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपल्या पुस्तकाला नाव दिलं 'गुलामगिरी'. गुलाम अरबी, गिरी फारसी, आणि पुस्तक मराठी माणसाला जागं करणारं.

शिवछत्रपतींच्या काळात राज्यव्यवहारकोश झाला, पुढे सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. त्यातले महापौर, दिनांक हे शब्द मीही वापरतो; चांगले आहेत. नवा शब्द घडवायला माझा विरोध नाही. माझा आक्षेप आहे तो जुन्या शब्दाला परका ठरवण्याला. कोशातून शब्द बदलता येतो, कारण तो नजरेला दिसतो. प्रत्यय जिभेत असतो. लेकरू रडून हट्ट करतं तेव्हा आई 'दादागिरी करू नकोस' म्हणते, ते काही शब्दकोश उघडून नव्हे.

शिक्षकांना एक सुचवतो. यादी पाठ करून घेण्याआधी फळ्यावर दोन शब्द लिहा. एक 'अनफेथफुलनेस', दुसरा 'बेजबाबदारपणा'. मुलांना ते सुटे करायला लावा. दुसऱ्यात 'बे' फारसी, 'जबाब' अरबी, 'दार' पुन्हा फारसी आणि शेवटी 'पणा' आपला मराठी. मग विचारा, यातला परका तुकडा काढून टाकला तर हातात काय उरतं.