झाडाचं वय विचारता, वर चढणाऱ्याचं नाव तरी विचारा

मे उजाडला, पावसाळापूर्व कामं सुरू झाली. काल सकाळी एसटी स्टँडसमोरच्या रेन ट्रीवर एक पोरगा चढलेला दिसला. बावीस-तेवीसचा असेल. पायात स्लीपर. दोर होता, पण तो फांदी खाली सोडायला. स्वतःला बांधायला नव्हे. हातात कटर मशीन, आणि डाव्या खांद्यापासून हातभर अंतरावर महावितरणची लाइन. खाली उभ्या मुकादमाला विचारलं, लाइन बंद केली का? "वायरमनला फोन केलाय साहेब." बरं, या पोरांचा विमा? तो हसला. मी जणू पोराच्या लग्नाचं विचारलं होतं.

"बातमी पाहिजे का तुम्हाला?" म्हणाला.

बातमी गेल्या वर्षीच झाली. मीच दिली होती, आतल्या पानावर, चार ओळींची: 'झाडावरून पडून मजूर जखमी'. जखमी! पालिकेच्याच छाटणीच्या कामावर, २०२५ च्या मे महिन्यात, चिंचेवरून तीस फूट खाली आलेला तो माणूस आज खाटेवर आहे. कमरेखाली काही नाही. वय चाळीस. दोन मुली, एक दहावीला. ऑपरेशन सरकारी योजनेत झालं, पण त्यानंतरचं डायपर, औषधं, मालिशवाला, जिल्ह्याच्या दवाखान्याच्या खेपा हे सगळं बायकोच्या धुण्याभांड्यावर चाललंय. ठेकेदाराने चाळीस हजार दिले आणि शंभराच्या की पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर सही घेतली, की माझी आता काही तक्रार नाही. पालिकेतल्या काही भल्या कर्मचाऱ्यांनी वर्गणी काढून दिली. साहेबांनी सांगितलं, "ठेकेदाराचा माणूस आहे, आमचा काही संबंध येत नाही." ठेकेदार म्हणाला, "माझा माणूसच नव्हता तो, लाकडावर आला होता." आणि गावातल्या शहाण्या लोकांनी निकाल दिला, "पिऊन चढला असेल."

वहिनींनी कागदांची पिशवी माझ्यापुढे ठेवली तेव्हा मी लाजलो. वीस वर्षं पत्रकारिता करतोय, आणि या माणसाला काय मिळायला हवं होतं हे मला तोवर माहीत नव्हतं. मग वाचत बसलो. वाचलं ते इथे सांगतो, कारण हे चारही जण, साहेब, ठेकेदार, स्टॅम्प पेपर आणि शहाणे लोक, सपशेल चूक आहेत.

कायदा आजचा नाही, १९२३ चा आहे. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा. आता तो सामाजिक सुरक्षा संहितेत विरघळलाय, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. पण आपला अपघात त्याआधीचा, म्हणून जुन्याचंच बोलू. या कायद्याच्या परिशिष्टात कोणकोणती कामं येतात त्याची यादी आहे. त्यात झाडं तोडणं हे नाव घेऊन लिहिलंय, ताडी-माडी काढणाऱ्यांच्या शेजारी. "आम्ही तोडत नव्हतो, छाटत होतो" असा कीस कुणी काढणार असेल तर त्याच यादीत बागकामाची कामंही आहेत. म्हणजे कायदा करणाऱ्यांना फार पूर्वीच कळलं होतं की झाडावर चढणारा माणूस पडतो.

आता रक्कम. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर महिन्याच्या मजुरीच्या ६० टक्के गुणिले वयाप्रमाणे ठरलेला एक आकडा. चाळिशीचा आकडा १८४.१७. मजुरी कितीही असो, हिशेबाला महिना १५,००० पर्यंतच धरतात. याचा रोज सातशे होता, म्हणजे १५,००० पूर्ण. त्याचे ६० टक्के ९,०००. गुणाकार करा: १६ लाख ५७ हजार ५३० रुपये. शिवाय दवाखान्याचा प्रत्यक्ष झालेला खर्च वेगळा. मेला असता तर ६० ऐवजी ५० टक्के धरून १३ लाख ८१ हजार २७५. कायद्याला एवढी अक्कल आहे की जिवंत राहिलेल्याला रोज खायला लागतं.

साडेसोळा लाख. मिळाले चाळीस हजार.

'ठेकेदाराचा माणूस' हे पालिकेचं आवडतं वाक्य. याच कायद्याचं कलम १२ सांगतं, की तुमच्या धंद्याचं काम तुम्ही ठेकेदाराकडून करून घेत असाल तर त्याच्या कामगाराची भरपाई तुमच्याकडूनही वसूल होते. मग तुम्ही ती ठेकेदाराकडून घ्या, नाहीतर सोडून द्या. पालिका म्हणेल आम्ही काय धंदा करतो का? कायदा करणाऱ्यांनी तेही आधीच ओळखलं होतं. स्थानिक प्राधिकरणाची कर्तव्यं म्हणजे या कायद्यापुरता त्याचा धंदाच समजायचा, असं दुसऱ्या कलमात लिहून ठेवलंय. रस्त्यावरची झाडं छाटणं हे पालिकेचं काम नाही, असं म्हणायची कुणाची हिंमत असेल तर त्याने म्हणावं.

स्टॅम्प पेपर? कलम १७. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार रद्दबातल. तो कागद चहाची भांडी उचलायला वापरा.

पिऊन चढला होता? एक तर तो पीत नव्हता, माळकरी आहे. पण समजा पीत असता, तरी मृत्यू आणि कायमचं पूर्ण अपंगत्व या दोन बाबतींत मालकाला हे कारण सांगताच येत नाही. हे मुद्दाम मोठ्याने वाचा, कारण आपल्याकडे गरिबाचं हाड मोडलं की आधी त्याच्या तोंडाचा वास घेतात.

'लाकडावर आला होता' हे मात्र खरं दुखणं आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: या धंद्यात बरेच सौदे रोखीचे नसतात. झाड पाडून द्यायचं आणि लाकूड आपण न्यायचं. वखारीत जो भाव येईल तो टोळीत वाटून घ्यायचा. हजेरी नाही, पगारपत्रक नाही. मग अपघात झाला की मालक म्हणून कुणीच सापडत नाही, सगळेच भागीदार! माणूस रोजावर होता हे सिद्ध करायला याच्याकडे आहे काय? मुकादमाच्या मोबाइलवरचे चार मेसेज. तेवढे तरी आहेत. अर्ज आता जातोय, दोन वर्षांची मुदत अजून संपलेली नाही.

इथवर वाचून कुणी म्हणेल, चला, ठेकेदाराला धरा. धरा ना. पण धरून मिळेल काय? मी त्याच्या घरी जाऊन आलो. पत्र्याचं घर, एक जुना टेम्पो, दोन कटर मशीन, त्यातलं एक हप्त्यावर. दहा वर्षांपूर्वी तो स्वतः दुसऱ्याच्या टोळीत चढायचा. अजूनही माणूस कमी पडला की चढतो. त्याच्याकडून साडेसोळा लाख वसूल करायचा हुकूम म्हणजे दगडातून तेल. आणि एक गंमत बघा, तो उद्या पडला तर हा कायदा त्याला लागूच नाही, कारण तो 'मालक'!

माझा मुद्दा इथेच आहे. कायद्याने भरपाईची जबाबदारी टाकली, पण पैसे कुठून यायचे ते मालकाच्या मर्जीवर सोडलं. जुन्या कायद्यात विमा काढलाच पाहिजे अशी सक्ती नव्हती. ईएसआय आहे, पण त्याला दहा माणसं लागतात. आपल्या तालुक्यात झाडकामाची दहा माणसांची टोळी दाखवा, मी हार घालतो. चार-पाच जणांवर कुणी जातच नाही. तोडलेल्या फांद्या वाहणारा टेम्पो विम्याशिवाय रस्त्यावर आणता येत नाही, पोलीस अडवतो. त्या फांद्या तोडणारा मात्र विम्याशिवाय तीस फूट वर जातो, त्याला कुणी अडवत नाही.

लगेच प्रश्न येतो, आणि तो चुकीचा नाही: गरीब ठेकेदारावर विम्याची सक्ती केली तर तो मरेल, काम मोठ्या कंपन्यांकडे जाईल. हे मला ठेकेदारानेच ऐकवलं. मी विचारलं, कटर मशीनचं पेट्रोल कोण भरतं? म्हणाला, दरात धरतो. मग विम्याचा हप्ताही दरात धर! हप्ता माणसांच्या वर्षभराच्या एकूण मजुरीवर ठरतो, तो गुप्त खर्च नाही. अडचण अशी की एकट्याने धरला तर त्याचं टेंडर वर जातं आणि न धरणारा काम नेतो. म्हणजे प्रामाणिक माणूस बाहेर. म्हणून नियम सगळ्यांना एक पाहिजे आणि पैसा पालिकेच्या अंदाजपत्रकात आधीच वेगळा दाखवलेला पाहिजे. कमी दर भरायच्या स्पर्धेत माणसाचं मणक्याचं हाड घालू नका एवढंच म्हणणं आहे.

पालिका म्हणेल, आमच्या टेंडरमध्ये अट आहे. आहे, मी वाचली. 'कामगारांचा विमा उतरविण्याची सर्वस्वी जबाबदारी ठेकेदाराची राहील.' अट घातली की पालिकेचे हात धुऊन झाले. बिल काढताना मोजमाप पुस्तक बघतात, जीएसटीचा कागद बघतात, फोटो मागतात. पॉलिसीची प्रत कुणी मागितली? मी विचारलं तेव्हा टेबलामागच्या बाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं, "दादा, आजवर कुणी विचारलंच नाही." त्यांचा दोष नाही.

आणि आता आपण. होय, तुम्ही-आम्ही. अंगणातला नारळ काढायला, छपरावर आलेला आंबा उतरवायला आपण माणूस बोलावतो. 'पाचशे घे, कर.' कुणाला वाटतं, एका दिवसाच्या कामाला कसला कायदा? पूर्वी नैमित्तिक कामाचा माणूस व्याख्येतून वगळलेला होता, ते शब्द २००० साली काढून टाकले. थेट रोजावर माणूस लावला आणि तो पडला, तर नोटीस तुमच्या दारात येऊ शकते. सोसायट्यांच्या सेक्रेटऱ्यांनी हे जरा दोनदा वाचावं.

शेतकरी बांधवांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात योजना आहे, उंचावरून पडून मृत्यू झाला तर कुटुंबाला दोन लाख मिळतात. चांगलीच आहे. पण तिला सातबारा लागतो. ज्याच्या नावावर गुंठाभर नाही तोच दुसऱ्याच्या झाडावर चढतो ना? नारळ काढणाऱ्यांसाठी नारळ विकास मंडळाची 'केरा सुरक्षा' आहे, हप्त्याचा मोठा वाटा मंडळ भरतं. म्हणजे झाडावर चढणाऱ्याचा विमा होऊ शकतो, सरकारला तो करताही येतो. मग नारळावरच्या माणसाचा जीव मोलाचा आणि चिंचेवरच्याचा नाही, असं का? नव्या संहितेत तर सोय आहे, की धोकादायक म्हणून केंद्राने अधिसूचित केलेल्या कामाला एकच कामगार असला तरी ईएसआय लागू करता येते. झाडकाम त्या यादीत असलंच पाहिजे. आपल्या खासदारांनी एवढं एक पत्र लिहावं, फ्लेक्सवरचा फोटो मी स्वतः फुकट काढून देतो.

पण दिल्लीची वाट बघत बसायची गरज नाही. नाका आपल्याच गावात आहे. शहरात झाड तोडायचं तर १९७५ च्या वृक्ष कायद्याने पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. त्या अर्जात झाडाचा प्रकार विचारतात, बुंध्याचा घेर विचारतात, वय विचारतात. २०२१ च्या दुरुस्तीने तर झाडाचं जितकं वय तितकी नवी झाडं लावायची. बरोबरच आहे, मी झाडांच्या बाजूचाच आहे. झाडाची भरपाई वयावर, माणसाचीही भरपाई वयावर. पण अर्जात वय एकाचंच विचारतात! त्याच अर्जाला एक रकाना जोडा: चढणार कोण, त्याची पॉलिसी कुठली. कागद नाही, तर परवानगी नाही. आणि पालिकेच्या स्वतःच्या कामाला पॉलिसीची प्रत नाही तर कार्यादेश नाही.

पॉलिसी बघताना तीन गोष्टी बघा, नाहीतर तोही कागद फक्त फायलीला. कामाचं वर्णन 'गार्डनिंग' आहे की झाड तोडणी-छाटणी उंचीवर, असं स्पष्ट आहे? माणसं दोन लिहिलीत आणि झाडाखाली सहा उभी आहेत का? मजुरी निम्मी दाखवून हप्ता वाचवलाय का? भांडण लागलं की कंपनी याच तीन ठिकाणी बोट ठेवते. चढणाऱ्या मालकासाठी ही पॉलिसी नाही, त्याने स्वतःचा अपघात विमा काढावा. काहीच नसेल तर बँकेतली वर्षाला २० रुपयांची सुरक्षा विमा योजना तरी आजच घ्या. दोन लाखांनी घर चालत नाही, ते मलाही कळतं.

सोमवारी पालिकेत माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकतोय. गेल्या पाच वर्षांत छाटणीची किती कामं दिली, किती बिलांसोबत कामगारांच्या विम्याची प्रत आहे, त्या प्रती द्या. तीस दिवसांत जे उत्तर येईल ते इथेच टाकीन, कुणाचं नाव न झाकता. तोवर ज्यांच्या प्रभागात छाटणी चालू आहे त्यांनी मुकादमाला थांबवून फक्त दोन प्रश्न विचारा, लाइन बंद आहे का आणि पॉलिसी कुठाय. काय उत्तर मिळालं ते खाली लिहा. चढलेल्या पोराचा चेहरा मात्र फोटोत घेऊ नका, उद्या त्याचाच रोज बुडायचा.

एसटी स्टँडसमोरचं काम आज दुपारपर्यंत चालणार आहे.