चेंडूवरची भाकरी



भाताची कापणी उरकली की मोकळ्या शेतांत चेंडू उडू लागतो, आणि त्याच सुमारास एखादे आईबाप आम्हांकडे येतात. मुलगा शाळा सोडून फुटबॉलच्या क्लबात जाऊ म्हणतो. त्यास जाऊ द्यावे की तुयेच्या औद्योगिक वसाहतीत चिकटवावे? रागे भरून हा प्रश्न सुटत नाही.

हा खेळ गोमंतकात रुजविला तो एका धर्मगुरूनेच. १८८३ साली फादर विल्यम रॉबर्ट लायन्स हे इंग्रज पाद्री शिवोलीस आले, त्यांनी तो आणला. शिवोली म्हणजे आपल्या शापोरा नदीचा पैलतीर. तेव्हा पाद्रींनी फुटबॉलला नावे ठेवणे शोभत नाही!

त्याच बार्देशातील आसगावचे नेव्हिल डिसोझा. १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी यजमान ऑस्ट्रेलियावर तीन गोल चढविले आणि भारताने सामना ४-२ असा जिंकला. एका ऑलिंपिक सामन्यात तीन गोल करणारे ते पहिले आशियाई. युगोस्लाव्हियाविरुद्धच्या उपान्त्य सामन्यातील भारताचा एकुलता गोलही त्यांचाच. पण त्या काळी निव्वळ चेंडूवर कोणाची चूल पेटत नसे. नेव्हिल मुंबईत टाटा व कॅल्टेक्स या कंपन्यांच्या संघांतून खेळले. १९८० साली, अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, ते निवर्तले.

पुढे गोव्यात साळगावकर, धेंपो आदी खाणमालकांचे क्लब नावारूपास आले. चांगल्या खेळाडूस कंपनीत नोकरी लागे व पाय थकल्यावरही पगार चालू राही. आता बहुतेक ठिकाणी नोकरीची जागा कराराने घेतली आहे. करार संपला की पगार संपला. २०१६ साली तर धेंपो, साळगावकर व स्पोर्टिंग या तिन्ही क्लबांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले.

आणि देहाचे काय? ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूर येथे फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात धेंपोचा ब्राझिलियन गडी क्रिस्तियानो ज्युनिअर याने मोहन बागानवर दुसरा गोल केला, त्याच क्षणी गोलरक्षकाशी टक्कर होऊन तो कोसळला आणि मरण पावला. वय पंचवीस. धेंपोने चषक जिंकला आणि त्याची दहा क्रमांकाची जर्सी कायमची बाजूस ठेवली. असे क्वचितच घडते, हे खरे. परंतु मोडलेला गुडघा मुळीच क्वचित नाही, आणि त्याची बातमी कोणी छापीत नाही.

तरीही मुलास कोंडून ठेवावे, असे आमचे मत नाही. संत पौलानेही धावपटूंच्या कष्टांचा दाखला दिलाच आहे. मात्र बारावीपर्यंतचे शिक्षण त्याने पुरे करावे. दुखापत झाल्यास औषधपाण्याचा खर्च कोण सोसणार आणि त्या महिन्यांचे वेतन मिळणार की नाही, हे करारात लिहून घ्यावे. तोंडी वचनावर सही करू नये. ज्यांना करारपत्र वाचता येत नसेल त्यांनी रविवारच्या मिस्सानंतर ते घेऊन आमच्याकडे यावे. सोबत मुलासही आणावे.