बाग आधी, इमारती मागून

सावेडी, केडगाव, बोल्हेगाव, सगळ्या अंगांनी नगर वाढते आहे. घरे आधी उठतात, दुकाने पाठोपाठ येतात आणि बागेच्या वाट्याला कोपऱ्यातला उरलासुरला तुकडा येतो. निजामशाहीत, 1583 च्या सुमारास, इथल्याच फराहबागेत भर पाण्यात महाल उभा राहिला. त्या शहराला तरी बाग शेवटी सुचू नये!

दादरचे शिवाजी पार्क पाहा. मुंबई महापालिकेने 1925 मध्ये ते लोकांसाठी खुले केले. भोवती रस्ता, पलीकडे मैदानाकडे तोंड केलेली घरे आणि कट्ट्यावर रात्रीपर्यंत माणसांची वर्दळ. राबत्या जागेत बायका-मुलांना भीती वाटत नाही. नगरच्या नव्या वसाहतींतही बागेभोवती सार्वजनिक रस्ता, तळमजल्यावर दुकाने-दवाखाने आणि वर घरे अशी रचना सहज जमेल. दुकानांची पाठ मात्र बागेला लागता कामा नये. तसे झाले की आधी कचरा येतो, मग शेड.

खरा धोका मुदतीचा आहे. शहराचा विकास आराखडा लागू झाल्यापासून 10 वर्षांत बागेसाठी आरक्षित जागा घेतली नाही, तर नगररचना कायद्याच्या कलम 127 खाली मालक नोटीस देऊ शकतो. पुढच्या 24 महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत, की आरक्षण संपते. म्हणून महापालिकेने बागांच्या प्रत्येक आरक्षित भूखंडाची मुदत प्रभागनिहाय जाहीर करावी आणि मालकांशी टीडीआरची, म्हणजे जागेच्या मोबदल्यात हस्तांतरणीय विकास हक्कांची, बोलणी आजच सुरू करावीत.